चष्म्याच्या पेटीतली पन्हळ

हे गेल्यानंतरच्या एका सकाळी गच्चीवर पावलं वाजली.

मी स्वयंपाकघराच्या दाराशी भिंतीला टेकून बसले होते. माझ्या थोरल्या नणंदबाई, म्हणजे वन्सं, बेंगळुरूहून आल्या होत्या आणि गॅसवर कॉफीचं दूध तापवत होत्या. पावलं सावकाश होती. ती जिन्याच्या बाजूने आली, पहिल्या हौदाशी थांबली, मग दुसऱ्या हौदाशी गेली. ह्यांची अशीच जायची. वेळही ह्यांचीच होती. जयलक्ष्मीपुरमच्या आमच्या गल्लीत त्या वेळी पेपरवाला येतो आणि समोरच्या घरातलं कुत्रं त्याच्यावर भुंकतं. कुत्रं भुंकलं, आणि वर पाण्यात काहीतरी हलक्या हाताने टाकल्याचा आवाज आला.

वन्संनी गॅस बंद केला.

"ऐकलंस?"

"माकड असेल," मी म्हणाले.

"अय्यो, माकड चपला घालतं होय?"

मी उठले. त्यांनी माझा पदर धरला. "सुतकात वर जाऊ नकोस. सुम्ने बस की इथे." सुम्ने म्हणजे उगीच. आमच्या म्हैसूरच्या मराठी घरांत हा कन्नड शब्द दिवसातून किती वेळा येतो कोण जाणे, पण त्या सकाळी वन्संच्या तोंडून तो थरथरत आला. मी पदर सोडवून घेतला आणि वर गेले. घाबरले नव्हते. त्या दिवसांत भीती, भूक, झोप ही सगळी माझ्यापासून लांब कुठेतरी उभी होती. वर हेच उभे असते तर मी इतकंच म्हटलं असतं, की कॉफी गार होते आहे.

वर ह्यांची विद्यार्थिनी होती. हातात खाण्याचा डबा घेऊन वाकली होती. मला पाहून तिने डबा पाठीमागे लपवला, जणू चोरी पकडली गेली.

"अम्मा, घरात यायचं धाडस झालं नाही," ती म्हणाली. ती कन्नडमध्ये बोलते, मी तिचं बोलणं मराठीत लिहिते आहे. "बाहेरच्या जिन्याने येते. रोज. मासे उपाशी राहिले असते."

मासे आहेत हेच मी विसरले होते. हे ज्या हौदाच्या कठड्यावर डोकं टेकून पडलेले मला सापडले, त्या हौदात मासे आहेत, ते जिवंत आहेत, त्यांना भूक लागते आहे. हौदाशेजारच्या फरशीकडे पाहायचं मी टाळलं. कॉफीचा पेला घेऊन मी वर गेले होते तेव्हा ह्यांच्या एका हातात छोटी जाळी होती आणि सदऱ्याची बाही कोपरापर्यंत ओली होती. डॉक्टर म्हणाले, क्षणात गेले. मला त्या शब्दाचा अर्थ अजून नीट लागलेला नाही.

आता हे हौद काय होते ते सांगायला हवं. हे प्राणिशास्त्र शिकवत. निवृत्त झाल्यावरही विद्यापीठातल्या दोन-तीन विद्यार्थ्यांना मदत करत, आणि ही त्यांतली शेवटची. वरुणाजवळच्या एका गावातली, भातशेती असलेल्या घरातली. तिच्या गावच्या खाचरांत बोटाच्या पेराएवढे, शेपटीशी काळा ठिपका असलेले मासे पूर्वी पुष्कळ असत. आता कमी दिसतात आणि दिसतात ते लहानच राहतात, असं तिच्या वडिलांचं म्हणणं. खरंच लहान राहतात का, हे तिला पाहायचं होतं. ह्यांनी गच्चीवर सिमेंटचे दोन हौद बांधून घेतले. एकात खाचराचं पाणी, दुसऱ्यात विहिरीचं. दोन्हींत एकाच वेळी जन्मलेली पिल्लं सोडली. दर रविवारी सकाळी ती मोजायची. कोणती किती वाढली, एवढाच प्रश्न.

पण प्रश्न एवढासा आणि मासा त्याहून एवढासा. दोन हौदांतला फरक एखाद्या मिलिमीटरचा असेल तर मोजण्यात मिलिमीटरची चूक चालत नाही. जिवंत मासा पट्टीवर ठेवला तर उडी मारतो. चिमट्यात धरला तर मरतो. म्हणून ह्यांनी मोजायचं साधन स्वतः केलं होतं. सूक्ष्मदर्शकाच्या काचपट्ट्या चिकटवून बोटभर लांबीची एक पन्हळ, एका टोकाला आडवी काच, तळाला खालून आलेखाचा कागद. पन्हळीत थोडं पाणी, त्यात मासा. नाक आडव्या काचेला लागलं की तो क्षणभर स्थिर राहतो, आणि तेवढ्यात शेपटीपाशीची रेघ वाचायची. आमच्या जेवणाच्या टेबलावर ती पन्हळ तयार झाली. मी समोर बसून वाचत होते. टेबलाला त्या पाण्यात न सुटणाऱ्या डिंकाचा डाग पडला तो अजून आहे.

रविवारी सकाळी जिन्यातून हाक यायची, "पिन!" माझ्या अंबाड्यात आईची चांदीची एक पिन असे, जाड, सरळ, एका टोकाला मणी असलेली. ती काढून मी जिन्यात उभी राहून द्यायची. हौदात हवा सोडायची बारीक नळी तुंबते, ती मोकळी करायला हवी असेल, असं मी धरून चालले होते. पिन परत यायची ती ह्यांनी सदऱ्याला पुसून, तरी तिला शेवाळाचा वास असायचा. "दुसरी कुठली पिन चालत नाही का?" असं मी एकदा विचारलं होतं. "नाही," एवढंच उत्तर. आमचं बोलणं साधारण एवढंच असे. आम्हांला दोघांनाही ते पुरायचं.

त्या सकाळी विद्यार्थिनी कॉफी न घेता गेली. काहीतरी विचारायचं होतं आणि विचारता आलं नाही, हे तिच्या पाठीवरून कळत होतं.

अस्थी सोडायला श्रीरंगपट्टणला, कावेरीच्या पश्चिमवाहिनी घाटावर गेलो. आम्हांला मूल नाही. वन्संच्या मुलाने सगळं केलं. सकाळी स्मशानातून अस्थी गोळा करून आला तेव्हा तो मला म्हणाला होता, "मामी, काचेचा एक गोळा मिळाला. वितळलेला. मामाच्या चष्म्याची काच असणार. टाकून द्यावीशी वाटली नाही, कलशातच ठेवली." मी मान हलवली. ह्यांच्या चष्म्याला काच नव्हतीच, प्लॅस्टिकची भिंगं होती, ती मीच निवडली होती. पण त्या वेळी मला ते सुचलं नाही. सुचण्याचं यंत्रच बंद होतं.

नदीला पाणी बेताचं होतं. भाच्याने पाण्यात उभं राहून कलश उपडा केला, मग भाताचे पिंड सोडले. आणि काठाशीच, पायरीच्या सावलीतून, छोटे मासे आले. पुष्कळ आले. पिंडाला सगळ्या बाजूंनी भिडले आणि पिंड पाण्यात हलायला लागला, जणू आतून कोणीतरी ढकलत होतं. भटजी म्हणाले, लगेच आले, चांगलं आहे. वन्संनी डोळ्यांना पदर लावला. मी मात्र पाहत राहिले, आणि माझ्या मनात आलं ते असं: हा चाळीसचा असेल, तो तीसच्या आत. आयुष्यात मी एकही मासा मोजलेला नव्हता. हे विचार कोणाचे आहेत, असं मला वाटलं. मी पायरीवर खाली बसले. सगळ्यांना वाटलं चक्कर आली.

शनिवारी विद्यार्थिनी पुढच्या दाराने आली. बसली. वन्संनी तिला कॉफी दिली. तिने ती दोन्ही हातांत धरून ठेवली.

"अम्मा, मागचा रविवार गेला," ती म्हणाली. "तो जाणारच होता. उद्या दुसरा आहे. एक खाडा झाला तर मला सांगता येतं. दोन झाले तर पिल्लं वाढण्याचा जो मुख्य काळ आहे तोच निसटतो. मग वर्षभराचं सगळं… पुन्हा पिल्लं पुढच्या पावसाळ्यातच मिळतील, आणि माझी मुदत त्याआधी संपते." तिने मान खाली घातली. "हे आज बोलू नये, कळतं मला."

"बोल," मी म्हणाले.

"सरांचं मोजायचं ते… तुम्ही मला द्याल? मी वरच्या वर मोजून जाईन. तुम्हांला त्रास देणार नाही."

"वरच असेल ना, फळीवर."

"नाही अम्मा. ते सर वर कधीच ठेवत नव्हते. खिशात असायचं. काळ्या चष्म्याच्या पेटीत."

वन्सं ओट्यापाशी उभ्या होत्या. त्यांच्या हातातलं भांडं खाली पडलं नाही, पण त्यांनी ते इतक्या हळू खाली ठेवलं की मी वळून पाहिलं.

दवाखान्यातून ह्यांच्या वस्तू परत मिळाल्या त्या घड्याळ, रुमाल आणि काळी चष्म्याची पेटी. ह्यांना घरातून नेण्याआधी वन्संनी ती पेटी ह्यांच्या छातीशी, शालीच्या आत ठेवली होती. आमच्याकडे माणसासोबत त्याच्या जिवाची एखादी वस्तू देतात. सासूबाईंबरोबर त्यांची जपमाळ दिली होती. मी तेव्हा पलीकडच्या खोलीत होते, पण वन्संचं बोलणं मला ऐकू आलं होतं. "चष्म्याशिवाय दोन पावलं टाकायचा नाही तो," त्या कोणाला तरी सांगत होत्या.

"त्या पेटीत चष्मा होता," वन्सं म्हणाल्या.

"तुम्ही उघडून पाहिली?" मी विचारलं.

त्यांनी ते भांडं पुन्हा उचलून हातात धरलं.

"अज्जी, सर चष्मा कधी पेटीत ठेवतच नव्हते," विद्यार्थिनी हळूच म्हणाली. "दिवसभर डोळ्यांवरच असायचा."

हे मला माहीत होतं. इतकी वर्षं माहीत होतं. चष्मा नाकावर, झोपताना उशीशेजारी. पेटी खिशात. या दोन गोष्टी मी कधी शेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या. आता एकदम कलशातला काचेचा गोळा आठवला. प्लॅस्टिक वितळून काच होत नाही. तो गोळा पन्हळ होती. जेवणाच्या टेबलावर, माझ्या समोर, डिंक फुंकून फुंकून वाळवलेली ती पन्हळ आम्ही नदीत सोडून आलो होतो, माशांत.

"मग चष्मा कुठे आहे?" वन्संनी विचारलं. त्यांचा आवाज चढला होता. "चष्मा असणारच घरात! शोधा की!"

आम्ही शोधला. उशीखाली, पुस्तकांच्या मागे, न्हाणीघराच्या खिडकीत. वन्संनी तर देवघराचे खणसुद्धा उपसले. मला आतून वाटत होतं, चष्मा सापडू नये. न सापडला तर पेटीत दोन्ही होती असं म्हणता येईल. शेवटी विद्यार्थिनी वर गेली. तिने हाक मारली नाही, थोड्या वेळाने ती स्वतःच जिन्यात आली आणि तिथेच उभी राहिली. मी तिच्यामागून गेले. वन्संही आल्या, गुडघे धरत, सुतक विसरून.

खाचराच्या पाण्याचा हौद हिरवा असतो, तळ दिसत नाही. तिने जाळीने शेवाळ एका बाजूला केलं. तळाशी चष्मा होता. काड्या उघड्या, भिंगं वर. वाकताना घसरून पडलेला, मग हे पडलेले. किंवा उलटं. एका भिंगाखाली दोन छोटे मासे सावलीला थांबावेत तसे थांबले होते, आणि भिंगातून ते मोठे दिसत होते.

वन्संना हसू फुटलं. ते हसू कसलं होतं ते मला सांगता येणार नाही. त्यांनी कठडा धरला आणि म्हणाल्या, "अय्यो देवा. माप दिलं त्याला, चष्मा इथेच. आता तिकडे बसेल मासे मोजत आणि एक रेघ दिसायची नाही. मला शिव्या घालेल. लहानपणापासून घालतोच आहे." आणि मग त्या रडायला लागल्या, पहिल्यांदाच मोठ्याने, आणि विद्यार्थिनी त्यांना धरून उभी राहिली. मी हात पाण्यात घालून चष्मा काढला. पाणी गार होतं. मासे माझ्या बोटांपासून बाजूला सरून गेले.

आता प्रश्न सरळ होता. उद्या सकाळपर्यंत दुसरं साधन हवं होतं.

विद्यार्थिनीने विभागातून एक कॅलिपर आणला होता, आकडे छोट्या पडद्यावर दाखवणारा. तिने एक मासा ओल्या फडक्यात धरून पाहिला. मासा वळवळला. एकदा अठ्ठावीस आला, तोच मासा लगेच सव्वीस आला. तिसऱ्यांदा मोजायचं तिचं धाडस झालं नाही; तो पाण्यात सोडला तेव्हा थोडा वेळ कुशीवर पोहत होता. "हे मेलेल्या माशांसाठी आहे," ती म्हणाली, आणि लगेच तोंडावर हात ठेवला. मी म्हणाले, "असू दे."

आणि मग मी म्हणाले, "मी करते."

दोघींनी माझ्याकडे पाहिलं. मी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात होते. फाटलेली पुस्तकं दुरुस्त करायचं काम मला आवडे आणि दुसऱ्या कोणाला ते नको असे, म्हणून माझ्याकडे आलं ते राहिलंच. पुठ्ठा सरळ कापणं, कोपरा काटकोनात बसवणं, चिकटवलेलं हलू न देता वाळवणं, एवढं मला येतं. ह्यांनी पन्हळ केली तेव्हा कडा घासायला माझाच दगडी तुकडा घेतला होता. काचा मात्र घरात उरल्या नव्हत्या.

वन्संचा मुलगा त्या दुपारी ह्यांचा फोटो मढवायला देवराज मोहल्ल्यात निघाला होता. तेराव्याला फोटो लागतो. मी त्याच्या गाडीत बसले. सुतकात बाईने बाजारात जायचं का, हा प्रश्न वन्संच्या ओठांवर आलेला मला दिसला. त्यांनी तो गिळला आणि म्हणाल्या, "लौकर ये. आणि काचेला बोट लावून घेऊ नकोस, तुझं लक्ष नाही."

फोटोचौकटीचं दुकान शिंप्यांच्या ओळीच्या टोकाला आहे. भाच्याने ह्यांचा फोटो काढून ठेवला. दुकानदाराने तो सवयीने पाहिला, सवयीने चंदनी रंगाची चौकट पुढे केली. मी त्याला म्हटलं, याच काचेच्या मला पट्ट्याही कापून हव्यात. कागदावर काढून दाखवल्या. दोन लांब, एक तळाची, एक अगदी आखूड.

तो हसला. "एवढ्याशा काचेत कोणाचा फोटो बसवता, मेडम?"

"त्यांचंच काम आहे," मी ह्यांच्या फोटोकडे बोट दाखवून म्हणाले. हे वाक्य बोलल्यावर मला कळलं की मी वर्तमानकाळात बोलले होते. दुकानदाराने काच फळीवर आडवी ठेवली. काच कापायची हिरकणी ओढली तेव्हा जो आवाज झाला त्याने माझ्या, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, अंगावर काटा आला.

संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर कामाला बसले, त्याच डिंकाच्या डागाशेजारी. आलेखाचा कागद वापरायचा नाही असं मी ठरवलं. कागद दमट हवेत फुगतो, हे पुस्तकांनी मला शिकवलं होतं. माझ्या बांधणीच्या डब्यात स्टीलची लहान पट्टी आहे. तिचं शून्य अगदी कडेलाच असतं, प्लॅस्टिकच्या पट्टीसारखं आत नसतं. ती पट्टी तळाच्या काचेखाली लावली, आणि आडवी काच शून्यावर. ही काच केसभर इकडे झाली तर प्रत्येक मासा केसभर खोटा. वन्संनी दोन्ही बाजूंनी बोटं लावून ती धरली. मासा या शब्दानेही एरवी त्यांना शिसारी येते. त्यांची बोटं ह्यांच्यासारखी आहेत हे मला तेव्हा दिसलं. इतकी वर्षं दिसलं नव्हतं.

"किती वेळ धरू?"

"वाळेपर्यंत."

"अगं पण नाक खाजतंय माझं."

मी त्यांचं नाक खाजवलं.

रविवारी सकाळी विद्यार्थिनी आली. गच्चीवर स्टूल, त्यावर पन्हळ, पन्हळीत पाणी. तिने मांडीवर लॅपटॉप उघडला. मी जाळी हातात घेतली. ह्यांच्या हातातून काढून घेतलेलीच ती जाळी होती. मी पहिल्या माशासाठी वाकले, तेवढ्यात ती म्हणाली, "अम्मा, आधी पिन."

"कसली पिन?"

"तुमची. केसांतली. पहिली ओळ पिनची असते ना."

मी सरळ उभी राहिले. तिला वाटलं मला माहीत आहे. मला माहीत नाही हे तिच्या लक्षात आलं तेव्हा तिचा चेहरा उतरला. तिने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. प्रत्येक रविवारच्या रकान्यात, सगळ्या माशांच्या वर, एक शब्द होता: पिन. आणि पुढे प्रत्येक वेळी तेच माप. साडेएकेचाळीस.

"कागद फुगला, काच हलली, तर कळायचं कसं?" ती म्हणाली. "म्हणून जी वस्तू वाढत नाही ती आधी मोजायची. सर म्हणायचे, घरात न बदलणारी अशी हीच एक."

ते पिनेबद्दल म्हणत होते, की आणखी कशाबद्दल, हे मी तिला विचारलं नाही. मी खाली गेले. ह्यांना नेल्यापासून मी अंबाडा घातला नव्हता. पिन आरशासमोरच्या वाटीत होती. ती घेऊन मी जिना चढू लागले. मी पिन आणून देते आहे आणि वर ती घ्यायला हात नाही, हे मला प्रत्येक पायरीवर नव्याने समजत होतं.

पिन पन्हळीत ठेवली. मणी आडव्या काचेला टेकवला. टोकापाशीची रेघ वाचली, माझा चष्मा पुसून पुन्हा वाचली.

एकेचाळीस.

"नीट पाहा, अम्मा."

एकेचाळीसच. साडे नाही. अर्धा मिलिमीटर चूक. काच सरकली. वन्संची बोटं, माझे डोळे, घाई. मी पिन उलट ठेवून पाहिली, कॅलिपरने मोजली. कॅलिपरही एकेचाळीसच म्हणाला. म्हणजे माझी पन्हळ बरोबर होती. म्हणजे ह्यांची चुकीची होती. शर्टाची बटणं लावताना खालून मोजत येणारा हा माणूस दर रविवारी अर्धा मिलिमीटर चुकत होता. गच्चीवरचं ऊन मला एकदम फार पांढरं वाटलं.

"हो," विद्यार्थिनी अगदी शांतपणे म्हणाली. "सरांना ठाऊक होतं. चिकटवताना ती आडवी काच थोडी सरकली होती. मी म्हटलं, काढून परत लावू. तर म्हणाले, राहू दे, चूक असली तरी दर वेळी तेवढीच असली की झालं. पिन सांगेलच." तिने बोटाने रकाने दाखवले. "आता जुन्या सगळ्या मापांतून अर्धा वजा करायचा. बस. काही बिघडलं नाही."

काही बिघडलं नाही. मी ते मनात म्हणून पाहिलं.

मग आम्ही मोजायला लागलो. जाळी खालून न्यायची, पाण्यासकट उचलायचं, पन्हळीत सोडायचं, नाक काचेला लागेपर्यंत थांबायचं. मासा थांबतो. कल्ले उघडतात, मिटतात, आणि त्या एवढ्याशा वेळात तो पूर्णपणे तुमच्या डोळ्यांसमोर असतो. मी आकडा म्हणायची, ती लिहायची. एकही मासा मेला नाही. विहिरीच्या पाण्यातले संपले, खाचराच्या पाण्यातले संपले. ऊन डोक्यावर आलं तेव्हा तिने एक कळ दाबली आणि पडद्यावर दोन रेघा आल्या, वरची विहिरीच्या पाण्याची, खालची खाचराच्या. दोन्ही चढत होत्या. दोघींमधलं अंतर रुंदावत होतं. तिच्या वडिलांचं म्हणणं खरं होतं. तिने डोळे पुसले आणि "सर" एवढंच म्हणाली.

मी त्या रेघांत दुसरंच शोधत होते. ज्या रविवारी मोजणं झालं नाही तिथे ठिपका नव्हता. पण रेघ तिथे थांबली नव्हती, वाकलीही नव्हती. आधीच्या ठिपक्यापासून आजच्या ठिपक्यापर्यंत सरळ वर गेली होती. मी पुन्हा पाहिलं. बोट ठेवून पाहिलं.

वन्सं जिन्याच्या वरच्या पायरीवर बसल्या होत्या. केव्हा येऊन बसल्या कळलं नव्हतं.

"झालं?" त्यांनी विचारलं. "वाढले का ग ते?"

"वाढले."

"किती?"

"दोन मिलिमीटर. काही काही तीन."

त्या हौदाकडे पाहत राहिल्या. "म्हणजे त्याने शेवटचं मोजलं त्या रविवारपासून?"

"हो."

"तो नसताना?"

मी हो म्हणाले. मी स्टुलावर ओली पडलेली पिन उचलली, ह्यांनी सदऱ्याला पुसावी तशी पदराला पुसली. तिला शेवाळाचा वास येत होता.